टँक शेजारी येईपर्यंत

‘ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’ हा दुसऱ्या महायुद्धावरचा 1985 सालचा खेळ मी गेली वीस वर्षं खेळतोय. पुठ्ठ्याच्या सोंगट्या, दोन फासे आणि षटकोनी घरांचा नकाशा. एक घर म्हणजे जमिनीवरचे 40 मीटर. या खेळात मला सगळ्यात जास्त प्रेम आहे ते पायदळाच्या टँकविरोधी हत्यारांवर, त्यातही ब्रिटिशांच्या पियाटवर.

पियाटचा पल्ला तीन घरांचा. नवीन असताना टँक तिसऱ्या घरात दिसला की मी लगेच डागायचो. नेम चुकायचा, लपलेली सोंगटी उघडी पडायची आणि पुढच्याच फेरीत टँकची मशीनगन तिला साफ करायची. त्या काळात माझे कितीतरी डाव असेच गेले. घाई करतोय एवढं कळत होतं, पण थांबून नेमकं काय मिळतं ते कळत नव्हतं.

ते कळलं पियाटच्या गोळ्याची रचना वाचल्यावर. तोफेचा गोळा वेगाच्या जोरावर चिलखत फोडतो, म्हणून लांबून मारला तर त्याचा जोर कमी होतो. पियाट, अमेरिकी बझूका, जर्मन पँझरफाउस्ट यांचं तसं नाही. त्यांच्या गोळ्याच्या तोंडाशी स्फोटकाला शंकूसारखी पोकळी असते आणि तिला आतून धातूचं अस्तर. स्फोट झाला की त्या अस्तराची बारीक, प्रचंड वेगवान धार होते आणि ती पोलादातून आरपार जाते. गोळा दहा मीटरवरून आला काय नि शंभरावरून आला काय, भोक तेवढंच. म्हणजे जवळ येऊ दिल्यानं मारा वाढत नाही. नेम सुधारतो आणि बाजू मिळते. जर्मन पँथर टँकचं पुढचं चिलखत 80 मिलिमीटर जाड आणि चांगलंच तिरकं, कुशीचं साधारण त्याच्या निम्मं. तो पुढून येताना गप्प बसायचं आणि कूस दाखवली की मारायचं.

आता मी पियाट गावाच्या तोंडाशी ठेवतच नाही. दुसऱ्या रांगेतली एखादी इमारत निवडतो, जिथून बोळातलं एकच घर दिसेल. मला दूरचं दिसत नाही, तसा दूरचा कुणी मलाही पाहू शकत नाही. बझूका अशा खोलीतून डागणं धोक्याचं, कारण तिची आग मागेही येते. पियाटमध्ये जाडजूड स्प्रिंग आहे, मागे ज्वाळा नाही. खेळाच्या नियमांनीही हा फरक पाळलाय. टँकसोबत पायदळ असेल तर आधी माझी मशीनगन त्यांना जमिनीला खिळवते. टँक एकटा पुढे निघाला की अर्धं काम झालं.

तरीही हात शिवशिवतो. समोरचा खेळाडू टँकची सोंगटी एकेक घर पुढे सरकवतो, प्रत्येक घराला माझ्याकडे बघतो, आणि मी फासे मुठीत दाबून ‘चाल पुढे’ म्हणतो. तिसरं घर. दुसरं. घसा कोरडा पडतो.

अशा वेळी मला गंजू लामा आठवतात. 12 जून 1944, मणिपुरातलं निंगथौखोंग. सातव्या गोरखा रायफल्सचे हे सिक्कीमचे जवान, हातात हेच पियाट. डावं मनगट मोडलेलं, उजव्या हाताला आणि पायाला जखमा. तशात साडेचौदा किलोचं ते धूड घेऊन ते सरपटत जपानी टँकांच्या तीस यार्डांपर्यंत गेले आणि एकामागून एक दोन टँक निकामी केले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

तीस यार्ड म्हणजे सत्तावीस मीटर. माझ्या नकाशावर एक घरसुद्धा भरत नाही.

परवाच्या डावात पँथर दुसऱ्या घरात येऊन थांबला, तोंड माझ्याकडे. मी मारलं नाही. पुढच्या फेरीत तो बोळात वळला, शेजारच्या घरात, डावी कूस माझ्या खिडकीकडे करून. तेव्हा कुठे मी मूठ उघडली.