वाहक

दादाचा रिपोर्ट आमच्या घरात रेशनकार्डाच्या आत ठेवलेला असायचा. घड्या पडून पडून त्या कागदाचे चार तुकडे व्हायला आले होते, म्हणून आईने मागून चिकटपट्टी लावली होती. त्यावर छापलेल्यातलं घरात सगळ्यांना वाचता येत होतं ते एवढंच : एसएस. त्याचा अर्थ सांगायला कोणी बसलं नव्हतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या गावापासून दवाखाना बावीस किलोमीटर. खिडकीतल्या माणसाने बाबांच्या हातात कागद दिला, ‘सिकलसेल आहे, पाणी जास्त पाजा, गोळ्या चालू ठेवा’ एवढं सांगितलं आणि रांगेतला पुढचा माणूस खिडकीशी आला. हे २००४ सालचं. दादा तेव्हा आठ वर्षांचा होता.

थंडी पडली की त्याचे हातपाय धरायचे. रात्री गुडघे पोटाशी घेऊन तो कण्हायचा आणि आई जवसाचं तेल कोमट करून चोळत बसायची. डोळे पिवळे दिसले की आजी काविळीचा पाला आणायची. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, दादाची दहा-वीस दिवसांत फुटते, आणि त्या फुटण्यानेच डोळे पिवळे होतात, हे मला फार उशिरा कळलं. अंगातलं पाणी कमी झालं, गारठा लागला, की या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडं ठणकतात ती त्यामुळे. सिकल म्हणजे विळाच. शेतकऱ्याच्या घरात विळा कोणाला समजला नसता? पण तेवढंही कोणी सांगितलं नाही.

मग घराने आपल्या परीने अर्थ लावला. आजी म्हणायची, “आमच्या घराण्यात असं कधी नव्हतं. हे तिकडूनच आलं.” ‘तिकडून’ म्हणजे आईच्या माहेराहून. बाबा गप्प राहायचे. त्यांना तपासणीचं विचारलं तर म्हणायचे, “मले काय झालं?” आणि खरंच, धडधाकट माणूस, दिवसभर धानाच्या बांधीत राबणारा. आईने ते सहा वर्षं ऐकून घेतलं.

२०१० मध्ये आमच्या शाळेत तपासणी झाली. बोटातून रक्त घेतलं, काही दिवसांनी पुन्हा दंडातून घेतलं, आणि मला एक कार्ड मिळालं. त्यावर लिहिलं होतं : एएस, वाहक.

या शब्दाने माझं बालपण नासवलं. गावात वाहक दोनच ठाऊक होते. एक एसटीचा, ज्याच्या सीटमागे ‘वाहक’ लिहिलेलं असतं. दुसरा विज्ञानाच्या पुस्तकातला : डास हा हिवतापाचा वाहक. मैत्रिणींना दुसरा आठवला. शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलीला माझ्या बाटलीतलं पाणी पिऊ नकोस म्हणून सांगितलं. मला काहीही होत नव्हतं, माझ्यामुळे कोणाला काही होणार नव्हतं, पण हे मलाही माहीत नव्हतं. मी आठवडाभर दादाजवळ झोपले नाही. आपल्यामुळेच त्याचं दुखणं वाढतं, अशी माझी समजूत झाली होती.

समजावलं ते आमच्या विज्ञानाच्या सरांनी. मधल्या सुट्टीत त्यांनी फळ्यावर आई आणि बाबा काढले, दोघांना दोन-दोन जनुकं दिली आणि म्हणाले, “तुझा भाऊ एसएस आहे ना? मग एक एस आईचा आणि एक वडिलांचा. एकट्या आईकडून एसएस होत नाही.” त्या रात्री जेवताना मी ते जसंच्या तसं बोलले. बाबांचा घास हातातच राहिला. पुढच्या आठवड्यात ते एकटेच दवाखान्यात जाऊन आले. एएस. घरी येऊन ते आजीसमोर बसले आणि म्हणाले, “माय, माझ्यातही आहे. अर्धं माझ्याकडून गेलं.” आजी काही बोलली नाही. पण त्या हिवाळ्यात दादाचं दुखणं उठलं की तेल कोमट करायला आजी उठायची.

जनुकीय समुपदेशनाच्या व्यवसायात जायचं, असं मी तेव्हा ठरवलं, असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. असे रिपोर्ट समजावून सांगणारं जनुकीय समुपदेशक नावाचं कोणी असतं हेच मला ठाऊक नव्हतं. मी बीएस्सी केलं, नागपुरात एका लॅबमध्ये लागले. सिकलसेलची पहिली चाचणी मी रोज करत होते. नळीत रसायन, त्यात रक्ताचा थेंब, काही मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. गढूळपणात बुडाल्या तर पॉझिटिव्ह, मग वाहक की आजारी हे ठरवायला पुढची चाचणी. एके दिवशी काउंटरवर माणूस नव्हता म्हणून रिपोर्ट मी देत होते. कडेवर मूल घेतलेल्या एका बाईने कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “ताई, याच्यात काय लिहिलं हाये?” मागे रांग होती. मी म्हणाले, “डॉक्टरांना दाखवा.” ती गेली आणि माझ्या लक्षात आलं की बाबांना खिडकीत भेटलेला तो माणूस आता मीच आहे.

त्याच वर्षी, २०२१ मध्ये, माझं लग्न जुळत आलं होतं. साक्षगंधाची तारीख निघायची होती. मी स्वतः मुलाला फोन केला. मी एएस आहे, तुम्हीही तपासून घ्या, तुम्ही एए, म्हणजे एस नसलेले, असाल तर आपल्या मुलांना हा आजार होऊच शकत नाही, असं सगळं नीट सांगितलं. तो हो हो म्हणाला. चार दिवसांनी त्याच्या काकांचा बाबांना फोन आला, “पोरीच्या रक्तात दोष आहे म्हणे.” मुलाने तपासणी केलीच नाही. आत्या मला म्हणाली, “सांगाचं कायले होतं? चांगलं स्थळ गेलं ना.” ती माझ्या काळजीनेच बोलत होती. तिच्यावर माझा राग नव्हता. राग होता तो कार्ड वाटून पुढच्या गावाला निघून जाण्याच्या रीतीवर.

जनुकीय समुपदेशनाच्या कोर्सचं लॅबमधल्याच एका मॅडमनी सांगितलं. दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण, महाराष्ट्राबाहेर. मुलाखतीत पहिलाच प्रश्न होता, हाच कोर्स का? मी पाठ केलेलं बोलले : विज्ञानाची आवड आहे आणि लोकांशी बोलायला आवडतं. पुढे वर्गात कळलं की हे उत्तर जवळजवळ सगळ्यांनी दिलं होतं. खरी कारणं हळूहळू बाहेर आली, बहुतेक रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर. एकीच्या आईला आणि मावशीला स्तनाचा कर्करोग झाला होता आणि स्वतःची चाचणी करावी की नाही हे तिचं अजून ठरत नव्हतं. उल्हासनगरच्या एका सिंधी मुलाने चुलत बहिणीला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवताना पाहिलं होतं. तिला थॅलेसेमिया होता. एकजण मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये जनुकांचे अहवाल तयार करायचा. तीन वर्षांत एकाही पेशंटचा चेहरा पाहिला नाही, हेच त्याचं कारण. डॉक्टरकीचा प्रवेश हुकला म्हणून आलेल्याही दोघी होत्या आणि त्या आमच्याइतक्याच मनापासून शिकल्या. घरात आजार असल्याशिवाय माणूस या कामाला लायक होत नाही, असं मी मुळीच मानत नाही.

‘जेनेटिक कौन्सेलिंग’ हा शब्द शेल्डन रीड यांनी १९४७ मध्ये अमेरिकेत रूढ केला आणि याचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम १९६९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स कॉलेजात सुरू झाला, हे आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं. पण एका तासाला मला बसवेना. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावाबद्दल शिकवत होते. तिथे सिकलसेल भरपूर. संशोधकांनी सगळ्या गावाची तपासणी केली, कोण वाहक ते सांगितलं, म्हणजे लोक जोडीदार जपून निवडतील असा हिशेब. काही वर्षांनी परत जाऊन पाहिलं तर वाहकांवर बट्टा लागला होता, काहींनी लग्न जमवताना ते लपवलं होतं आणि दोन वाहकांची लग्नं काही कमी झाली नव्हती. अमेरिकेतही सत्तरच्या दशकात घाईने तपासण्या झाल्या आणि वाहक म्हणजेच रोगी असं समजून काळ्या माणसांच्या नोकऱ्या आणि विमे अडले. मी हात वर करून म्हणाले, हे आमच्या घरी झालं आहे. शिकवणाऱ्या मॅडमनी मला पुढे बोलावून बोलायला लावलं. आपल्या गावाबाहेर त्या काकांच्या फोनचा उच्चार मी पहिल्यांदाच केला.

त्याच अभ्यासात मला मनापासून हवी असलेली एक गोष्टही मिळाली. वाहकाला हिवतापाच्या जीवघेण्या प्रकारापासून बरंच संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप, तिथे हे जनुक टिकलं. गडचिरोली-चंद्रपूरचं जंगल पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. ज्याला त्या काकांनी दोष म्हटलं, त्याच्या जोरावर आमचे कितीतरी पूर्वज लहानपणीच्या तापातून वाचले असतील. हे मी आता प्रत्येक वाहकाला सांगते.

दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी मी विदर्भात आले. एका गावात नवरा-बायको आले, दोघंही एएस, पहिली मुलगी एसएस. सोबत सासू, दाराशी बसलेली. नवऱ्याने विचारलं, “मॅडम, आमाले सांगतलं होतं का चारातलं एक असं निघते. एक झालं. आता पुढचे तीन तर चांगले होतीन ना?” पुस्तकात या चुकीच्या समजुतीवर पानंच्या पानं आहेत. मी पिशवीतून दोन चिंचोके काढले, मधून फोडलेले, एक बाजू काळी, एक पांढरी; सारीपाट खेळताना टाकतो तसे. एक बाईच्या हातात दिला, एक नवऱ्याच्या. काळं म्हणजे एस. दोघांनी एकदम टाका. दोन्ही काळे पडले तर बाळ एसएस, एक काळा तर तुमच्यासारखं एएस, दोन्ही पांढरे तर एए. त्यांनी टाकले, एक काळा एक पांढरा. पुन्हा टाकले, दोन्ही काळे. पुन्हा, परत दोन्ही काळे. बाई बराच वेळ चिंचोक्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे चिंचोक्याले मागचं ध्यानात नाई राहत.” दर खेपेला चारातला एक धोका, नव्याने, हे याहून नीट मला आजवर सांगता आलेलं नाही. दाराशी बसलेल्या सासूने मुलाच्या हातातला चिंचोका मागून घेतला आणि उलटापालटा करून पाहिला.

मग गर्भाच्या तपासणीचं बोलणं निघालं. साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक कण घेऊन बाळाचं रक्त कसं असेल ते सांगता येतं. १९९४ चा गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा अशा आजारासाठी ही तपासणी करू देतो, आणि त्यात एक अट आहे जी मला फार मोलाची वाटते : बाईची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत घेतली पाहिजे आणि त्याची प्रत तिला दिली पाहिजे. नवरा म्हणाला, “तुमी सांगान तसं करतो.” तेच आम्हाला सांगायचं नसतं. माहिती पूर्ण द्यायची, प्रश्नांना उत्तरं द्यायची, निर्णयात बोट घालायचं नाही. मला हे जड जातं, कारण मी एसएस माणसाची बहीण आहे. त्यांनी काय ठरवलं ते इथे लिहिणार नाही. ते त्यांचं आहे.

त्या रात्री मी दादाला फोन केला. तो आता ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवतो, रोज हायड्रॉक्सियुरियाची गोळी घेतो आणि दुखणं आता वर्षातून एखाद-दोन वेळा उठतं. त्याने विचारलं, “मी पोटात होतो तेव्हा ही तपासणी असती, तर आईनं काय केलं असतं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तसंच सांगितलं. त्याने तिथल्या तिथे फोन आईला दिला. आई म्हणाली, “तेव्हाचं मले आता सांगता येत नाई. पण तुझ्या दुखण्याचं नाव मले आधी समजलं असतं, तर थंडीत सकाळच्या शाळेत तुले धाडला नसता.”

१ जुलै २०२३ ला केंद्र सरकारने मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं लक्ष्य ठरलं. म्हणजे सात कोटी कागद, आणि प्रत्येकामागे एक घर. ते समजावायला शिकलेली माणसं देशात फार थोडी आहेत, आणि आहेत त्यांतली बहुतेक मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत आणि लॅबमध्ये. आमच्या चौदा जणांच्या वर्गात गोंडी, माडिया, कोरकू किंवा पावरी बोलणारं एकही नव्हतं.

भामरागड, धारणी, धडगावकडून येऊन बीएस्सी करणाऱ्या मुलामुलींनो, ही दोन वर्षं शिकून घ्या. ‘वाहक’ला तुमच्या बोलीत काय म्हणायचं, हे तुम्हालाच ठरवावं लागेल. आम्हाला ते येत नाही.