रांग लांब असली तरी

आपल्यापैकी पुष्कळजणींना विमानप्रवास आता नवा राहिलेला नाही. कुणाचा मुलगा बंगलोरला, कुणाची लेक अमेरिकेत. बाळंतपणाला आई जायलाच हवी. आम्हां बार्शीटाकळीकरांना विमान म्हणजे पूर्वी नागपूर, नाहीतर थेट मुंबई. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं आणि विमान जणू अंगणात आलं. पण हळदीकुंकवाला चार बायका जमल्या, की गप्पा रंगतात त्या विमानाच्या नव्हे, तपासणीच्या!

"माय वो, माह्या बांगड्या वाजल्या अन् सारे माह्याकडेच पाहू लागले," एक सांगते. दुसरीचं दुःख वेगळं. लेकीच्या डिंकाच्या लाडवांसाठी नेलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तिला काढून ठेवाव्या लागल्या, आणि पुढच्या बाईच्या पर्समधली शिवणाची मोठी कात्री मात्र कुणाच्या लक्षातही आली नाही. "खोबरं अडवतेत अन् कात्री सोडतेत, हे कायची तपासनी?" हा तिचा सवाल.

खोबऱ्याचं उत्तर सोपं आहे. वाळलेल्या खोबऱ्यात तेल फार. ते आतल्या आत तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात ते हातातल्या पिशवीतही चालत नाही आणि मोठ्या बॅगेतही नाही. पण कात्रीचा प्रश्न खरा आहे, आणि तो साऱ्या जगाला पडलेला आहे. अमेरिकेत २०१५ साली सरकारी माणसांनीच प्रवासी बनून, लपवलेली खोटी हत्यारं आणि खोटी स्फोटकं घेऊन परीक्षा पाहिली. ७० पैकी ६७ वेळा ती पकडलीच गेली नाहीत! तिथल्या सुरक्षाखात्याच्या प्रमुखाला खुर्ची सोडावी लागली. मग आपली धास्ती खुळी कशी म्हणायची?

चूक नेमकी कुठे होते, हे कळायला एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानाची गोष्ट आठवावी. १९८५ च्या जूनमध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या विमानतळावर एक माणूस बॅग घेऊन आला. त्याचं पुढचं तिकीट पक्कं नव्हतं, तरी बॅग पुढे एअर इंडियाच्या विमानात जावी असा त्याचा हट्ट. काउंटरवरच्या बाईने आधी नाही म्हटलं. पण मागे रांग वाढत होती, आणि हा हुज्जत सोडेना. शेवटी तिने बॅग घेतली. बॅग गेली; माणूस विमानात चढलाच नाही. पुढे टोरांटोला सामान तपासण्याचं क्ष-किरण यंत्र मधेच बंद पडलं, तेव्हा उरलेल्या बॅगा हातातल्या छोट्या यंत्राने बघून सोडल्या. २३ जूनला आयर्लंडजवळ समुद्रावर ते विमान फुटलं. ३२९ माणसं गेली. त्यांत आपल्या देशातून तिकडे स्थायिक झालेली कुटुंबंच्या कुटुंबं होती.

आज बॅग चढली आणि तिचा मालक चढला नाही, तर बॅग शोधून उतरवतात. त्यापायी विमान अर्धा तास थांबलं, की आपण चडफडतो. आपल्याकडे १९९९ च्या डिसेंबरात काठमांडूहून निघालेलं विमान कंदाहारला पळवून नेलं, त्यानंतर २००० सालापासून विमानतळांची राखण हळूहळू केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली. प्रत्येक नियमामागे असं काहीतरी घडलेलं असतं.

तांदूळ निवडताना आपलंही तसंच होतं. पहिल्या ताटात खडा चटकन दिसतो, चौथ्या ताटाला डोळे थकतात. यंत्राच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाचंही असंच. म्हणून साधारण वीस मिनिटांनी तिथला माणूस बदलावा असा दंडक आहे. काही यंत्रं तर पडद्यावर मधूनच हत्याराचं खोटं चित्र दाखवतात, पाहणारा जागा आहे ना हे कळावं म्हणून. अशा वेळी मागून "चला हो, आटपा लवकर!" असा गलका झाला, तर खडा राहणारच!

तेव्हा आपल्या हातात आहे तेवढं आपण करावं. लोणचं, तूप मोठ्या बॅगेत नीट बांधून द्यावं. परदेशी जाताना हातातल्या पिशवीत पातळ पदार्थाची बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी नको. मोबाइलची पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीतच ठेवावी. अंगावर दागिने बेताचे असावेत. यंत्र वाजलं तर लाजायचं कारण नाही. बायकांची तपासणी बाईच करते, आणि तीही पडद्याआड. हृदयाला पेसमेकर बसवलेला असेल, तर आधीच सांगून कागद दाखवावा. कुणी उर्मटपणे बोललं तर तिथल्या वरिष्ठांकडे जरूर तक्रार करावी. तपासणी कडक असावी, पण अपमान कशाला?

आणि तक्रार करायचीच, तर ती दोन्ही बाजूंनी करावी. जास्त तपासलं म्हणून आपण बोलतो. कमी तपासलं म्हणून कधी बोलतो का? पुढच्या बाईची कात्री दिसली, तर तिथल्या जवानाला सांगायला संकोच नको. त्याच विमानात आपल्यालाही बसायचं असतं. घरून तासभर आधी निघालं, की रांगेचा राग निम्मा कमी होतो, आणि पडद्यासमोरच्या त्या माणसाला एक बॅग दुसऱ्यांदा बघायला सवड मिळते.