एकाच सरीतली भाजी

आमच्या रानात घरच्या भाजीसाठी वेगळा वाफा नाही. जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या पाण्यावर आमची भाजीपाल्याची शेती आहे. टोमॅटो, वांगी, भेंडी, दोडका, हिवाळ्यात कोबी-फ्लॉवर, मध्येच मेथी-कोथिंबीर. यातलं जे कॅरेटात भरून नारायणगावच्या बाजारात जातं, तेच आमच्या घरी शिजतं. ही रीत सासूबाईंनी घालून दिली. माझ्या माहेरी विहिरीजवळ दोन वाफे राखलेले असायचे, औषध न मारलेले, फक्त घरच्यांसाठी. असे वाफे आमच्या भागात पुष्कळांकडे आहेत आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. उसनवारी करून उभा केलेला प्लॉट अळीने जाताना बघवत नाही. माणूस दुकानदार देईल ते औषध मारतो आणि पोरांसाठी तेवढा एक वाफा जपतो. पण बाकीच्या रानातलं आपण खाणार नाही, हे आपल्याला ठाऊक आहे, असाच त्या वाफ्याचा अर्थ होतो. सासूबाईंना ते पटायचं नाही. "जे आपल्या पानात वाढवत नाही, ते लोकांच्या पदरात कसं घालायचं?" एवढंच त्या म्हणायच्या.

बोलायला एका वाक्याची असलेली ही रीत पाळायला मात्र सगळं वर्ष कसाला लागतं, आणि गाडं अडतं ते तोड्यापाशी. भेंडी दिवसाआड तोडावी लागते. टोमॅटो एकदा रंगावर आला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोडा. औषधाच्या डब्यासोबत जो बारीक अक्षरांचा कागद येतो, त्यावर शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस गेले पाहिजेत ते छापलेलं असतं. कुठे तीन, कुठे सात, कुठे त्याहूनही जास्त. भेंडीवर सात दिवसांचं औषध मारलं तर मधले तोडे निबर होऊन बांधावर टाकावे लागतात. म्हणून आमच्याकडे औषध ठरतं ते अळी बघून नव्हे, आधी तोडा बघून. फुलकळीच्या आधी काही मारायचं असेल तर मारता येतं, तोडा सुरू झाला की हात बांधले जातात. मग उरतं ते कीड येण्याआधीच करायचं काम.

ते काम उन्हाळ्यातच लागतं. टोमॅटोच्या आधी झेंडूचं बी टाकायचं, उंच वाढणाऱ्या केशरी-पिवळ्या झेंडूचं. टोमॅटोचं रोप पंचवीस दिवसांचं आणि झेंडूचं पंचेचाळीस दिवसांचं असताना दोन्ही एकदम लावली की दोघांना फुलं बरोबर येतात. टोमॅटोच्या चौदा-सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालणं पसंत करतो आणि टोमॅटो बराचसा वाचतो. शिवाय दसऱ्याच्या सुमाराला फुलं हाती येतात ती वेगळीच. रानाच्या कडेने मका दाट पेरायचा, वाऱ्याबरोबर येणारी पांढरी माशी आणि मावा त्याला अडतात. मृगाच्या आगेमागे लिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून पोत्यात भरून ठेवते. पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजत घालायची, सकाळी फडक्यातून गाळायची आणि शंभर लिटर पाणी करायचं. हा अर्क त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर मारायचा, कारण कडक उन्हात त्याचा गुण टिकत नाही.

वांग्यात मात्र अर्कावर भागत नाही, तिथे बोटंच लागतात. शेंडा पोखरणारी अळी आत शिरली की भर दुपारी बाकी झाड तरतरीत असताना एकच शेंडा मान टाकतो. तो दिसला की खाली दोन बोटं सोडून अंगठ्याच्या नखाने खुडायचा. उभा चिरला तर आत ओली काळपट विष्ठा आणि तिच्या टोकाला फिकट गुलाबी अळी असते, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. असे शेंडे बांधावर टाकायचे नाहीत. अळी आतच मोठी होते, पतंग होऊन परत रानात येते. आम्ही साबणाच्या पाण्याची बादली सरीतून सोबत फिरवतो. दर आठवड्याला सगळा प्लॉट असा नजरेखालून घालायचा. मजूर बायकांना सुरुवातीला हे किडुकमिडुक काम वाटायचं. आता शेंडा कुठे वाकलाय ते माझ्याआधी त्यांना दिसतं.

दोडक्याचं शहाणपण निराळं. त्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात, काकडी-कारल्याची सकाळी. मधमाश्या त्या त्या वेळी येतात आणि त्या आल्या नाहीत तर फळ धरत नाही. त्यामुळे ज्या वेलाचं फूल उघडं आहे, त्यावर त्या वेळी पंप न्यायचा नाही. पाठीवरच्या पंपाचंही तसंच. आमच्याकडे तो मजुराच्या पाठीवर देत नाही, घरातलाच माणूस घेतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्यानंतर ह्यांनी हातमोजे, तोंडावरचा मास्क आणि वाऱ्याची दिशा यांबाबत एकदाही हयगय केलेली नाही. डब्यावरचा त्रिकोण आमची मुलं वाचायला शिकायच्या आधी ओळखत होती. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही.

कसोटी लागली ती २०२३ च्या जुलैत. नारायणगावात वीस किलोच्या कॅरेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. पावसाळी हवेत करपा आला म्हणून आम्ही फवारणी केली होती आणि मुदत संपायला अजून दोन दिवस होते. व्यापारी टेम्पो घेऊन थेट बांधावर आला. पुसून घेतो म्हणाला, दोन दिवसांनी काय होतंय म्हणाला. फळ लालबुंद होऊन लटकलं होतं. त्या एका तोड्यात सोसायटीचं कर्ज फिटलं असतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी सासूबाईंकडे. त्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. "आज संध्याकाळी यातला टोमॅटो आमटीत घालणार आहेस का?" त्यांनी मलाच विचारलं. टेम्पो रिकामा गेला. दोन दिवसांनी तोडलं, काही फळ अति पिकून फुटलं ते जनावरांना घातलं. भाव तोवर टिकून होता, ते आमचं नशीब. सप्टेंबरात तो असा कोसळला की तोडणीची मजुरी निघेना.

थंडीत जरा श्वास घेता येतो. कोबीच्या कडेने मोहरी टाकली की पतंग तिकडे वळतात. आवर्तन सुटलं आणि लाईट रात्रपाळीची असली की बिबट्याच्या धास्तीने दोघांनी बॅटरी घेऊन जायचं, त्याला इलाज नाही. उन्हाळ्यात एक तुकडा मोकळा ठेवून त्यात ताग पेरतो आणि फुलावर येताच गाडतो. त्या हंगामाचं उत्पन्न जातं, पण पुढच्या पिकाला जमीन लोण्यासारखी हाताला लागते. मल्चिंगच्या कागदाचं काय करायचं हे मात्र अजून सुटलेलं नाही. पातळ कागद उन्हाने चिरतो, तुकडे मातीत मिसळतात, माती लागलेला भंगारवाला घेत नाही. लोक बांधावर पेटवतात. आम्ही जाड कागद घेतो, दोन पिकं काढतो आणि सगळा गोळा करून शेडमध्ये रचतो. तो ढीग दर वर्षी वाढतो आहे.

प्रत्येक फवारणी मी वहीत लिहिते. तारीख, प्लॉट, औषध, मुदत कधी संपते. मुलगा पुण्यात काही घरांना थेट भाजी देतो, तिथे तो वहीचं पान दाखवतो आणि छिद्राचा कोबीही खपतो. पण तो माल मूठभर. रोज निघणारं एवढं पीक रोज खपवण्याची ताकद बाजारातच आहे आणि तिथे कोणी वही विचारत नाही. आमचं कॅरेट आणि आदल्या संध्याकाळी औषध मारलेलं कॅरेट लिलावात शेजारी शेजारी असतात, भाव रंगाला आणि टणकपणाला मिळतो. नाशिकची द्राक्षं युरोपला जातात तेव्हा बागेची नोंदणी होते, कुठलं औषध कधी मारलं याच्या नोंदी ठेवाव्या लागतात, नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात आणि मगच कंटेनर हलतो. परक्या मुलखातल्या माणसासाठी आपण हे करतो, तर मुंबईच्या भाजीवालीकडून पावशेर टोमॅटो घेणाऱ्या बाईसाठीही करता आलं पाहिजे. निदान शेवटच्या फवारणीची तारीख तरी वजनाच्या पावतीवर यावी. यंदा बाजार समितीत हे बोलायचं आम्ही ठरवलं आहे. वही घेऊनच जाणार आहे.