ग्रोटोचा दिवा

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या धर्मग्रामात पहाटे चर्चचे दार उघडावे, तो ग्रोटोच्या पायरीवर मेलेल्या पतंगांचा सडा पडलेला असे. सेवेकरी तो मुकाट्याने झाडी आणि आम्ही तितक्याच मुकाट्याने मिस्सेला जात असू. एके दिवशी त्या सड्यात वीतभर पंखांचा ॲटलास पतंग दिसला. तांबूस पंखांवर पारदर्शक त्रिकोणी खिडक्या आणि टोकाला जणू सापाचे मुख! आम्ही थबकलो.

शुभवर्तमानात हा जीव कसर म्हणून भेटतो, तीही संपत्ती खाणारी. प्रौढ ॲटलास पतंगाला मात्र अन्न घेण्याजोगे तोंडच नसते. सुरवंटपणी साठविलेल्या शिदोरीवर तो आठवडा-दोन आठवडे जगतो. त्याचे इतर भाऊबंद रात्री पपईच्या फुलांचे परागीभवन करतात, त्यांच्या सुरवंटांवर पाखरांची पिल्ले पोसतात.

पतंग दिव्यावर प्रेमाने झेपावतो, हा कविसंकेत. २०२४ साली प्रसिद्ध झालेले संशोधन वेगळेच सांगते. उडताना हे कीटक पाठ उजेडाकडे ठेवतात, कारण रात्रीही आकाशच जमिनीहून उजळ असते. आपला दिवा त्यांना चकवतो; मग ते त्याच्याभोवती घिरट्या घालत अडकतात.

ग्रोटोचा दिवा एका कुटुंबाने दिवंगत पित्याच्या स्मरणार्थ दिलेला. तो रात्री मालवण्याविषयी त्यांच्या मुलाशी बोलताना आम्हांस फार संकोच वाटला. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, ''फादर, दिवे मालवल्याशिवाय बाबा कधी झोपत नसत.''

आता रोझरी संपली की आम्ही दिवा मालवतो. पहाटे पायरी स्वच्छ असते.