प्रयोजन : संसारखर्च

सांगलीहून निघताना त्या दांपत्याच्या सामानात दहा किलो मूगडाळ, एक पंचांग आणि रोजकीर्दीच्या दोन डझन कोऱ्या वह्या होत्या. डाळ व पंचांग बाईंनी घेतले होते, वह्या साहेबांनी. बँकेत आयुष्य काढून निवृत्त झालेले ते गृहस्थ आणि शाळेत गणित शिकविणाऱ्या त्यांच्या पत्नी सुंदरबनातील एका बेटावर सहा महिने स्वयंसेवक म्हणून राहावयास चालले होते. तेथील महिला बचत गटांना हिशेब लिहावयास शिकविणे, एवढेच काम होते. या वयात इतक्या दूर कशाला, असे मुलाने विचारले. साहेब गप्प राहिले. बाई म्हणाल्या, "हे घरी बसले की माझ्या स्वयंपाकघराचे ऑडिट करतात."

कोलकात्यातील सियालदह स्थानकावरून लोकलने कॅनिंग, तेथून रिक्षाने गदखाली आणि नदी ओलांडली की गोसाबा. त्यापुढचा प्रवास भुटभुटीचा. इंजिनाच्या आवाजावरूनच त्या होडीला हे नाव पडले आहे. सुंदरबनाच्या भारतीय भागात १०२ बेटे आहेत, त्यांपैकी ५४ बेटांवर वस्ती आहे. भरतीच्या वेळी नदीचे पाणी शेतांहून उंच असते. मध्ये असतो तो मातीचा बांध. साहेब पहिल्या दिवशी अंगणात उभे राहिले तेव्हा त्यांना बांधापलीकडची नाव डोळ्यांच्या रेषेच्या वरून सरकताना दिसली. घरमालकीण भिंतीवर खांद्याच्या उंचीला हात ठेवून म्हणाली, "आयला." २५ मे २००९ च्या त्या चक्रीवादळात बांध फुटले, खारे पाणी शेतात शिरले आणि पुढे काही वर्षे तेथे भात नीट पिकला नाही. घरातील तरुण केरळ-तामिळनाडूकडे मजुरीला गेले, ते आजही जातात.

साहेबांनी आल्याबरोबर वेळापत्रक लावले : रोज दुपारी तीन ते पाच, हिशेबाचा वर्ग. पहिल्या दिवशी अकरा जणी आल्या, चौथ्या दिवशी दोघी, सहाव्या दिवशी कोणीच नाही. बँकेची सवय असलेल्या माणसाला हा बेशिस्तपणा वाटला. चौकशी केली तेव्हा कळले, की बायका कंबरभर पाण्यात जाळे ओढून कोळंबीचे केसासारखे बारीक पिल्लू धरतात आणि त्याची वेळ भरती ठरवते. भरती रोज सुमारे पाऊण-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. घड्याळाला तेथे कोण विचारणार?

हा प्रश्न सोडविला बाईंनी. अष्टमी-चतुर्दशी पाळण्याच्या सवयीमुळे त्यांना तिथी बोटांवर पाठ असे. भरती चंद्राच्या मागे चालते, म्हणजे तीच तिथी आली की पाण्याची वेळही साधारण तीच येणार. त्यांनी पंधरा दिवस वहीत भरती-ओहोटीच्या वेळा टिपल्या, पंचांगाशी ताडून पाहिल्या आणि तिथीवार वेळापत्रक तयार केले. द्वितीयेला अमुक वाजता, षष्ठीला तमुक वाजता. त्यानंतर वर्ग रिकामा राहिला नाही. साहेबांनी हे यश घरी फोनवर सांगताना 'आम्ही' असा शब्द वापरला, हे बाईंनी ऐकले आणि सोडून दिले.

दिवस लवकर उजाडे आणि त्याहून लवकर संपे. पूर्वेकडील त्या मुलखात डिसेंबरात सूर्य पाचच्या आधीच मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या या दोघांचे रात्रीचे जेवण चार वाजता होई. त्यांच्या ताटात मासा नाही, हे मात्र शेजारणींना सोसेना. यात आतिथ्याइतकीच काळजीही होती, हे समजावयास महिना गेला. बंगालमध्ये निरामिष जेवण हे परंपरेने विधवेचे जेवण; सवाष्ण बाई मासा खाते, तेच तिच्या सौभाग्याचे लक्षण. कपाळावर कुंकू असलेल्या माशीमा रोज विधवेचे अन्न शिजवतात, हे पाहून त्या बायकांच्या पोटात कालवत असे. एकीने हळूच विचारलेही, "काकाबाबूंना भीती नाही वाटत?" बाई हसल्या. वाघाने नवरा नेलेल्या तीन बायका त्याच गल्लीत राहत होत्या, हे त्यांना कळले तेव्हा हसल्याचे वाईट वाटले.

गोसाब्याला साहेब दोनदा जाऊन आले ते डॅनियल हॅमिल्टनचा बंगला पाहण्यासाठी. या स्कॉटिश व्यापाऱ्याने १९०३ मध्ये येथील जमीन सरकारकडून घेतली, सावकारीला पर्याय म्हणून सहकारी पतपेढी व भातगिरणी उभी केली आणि १९३६ मध्ये स्वतःची एक रुपयाची नोटसुद्धा काढली. नाण्याच्या नव्हे, माणसाच्या श्रमाच्या आणि मालाच्या भरवशावर चालणारी ती नोट! तारण मागण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला ही गोष्ट आवडली आणि थोडी टोचलीही.

कारण त्याच आठवड्यात एका गटात कर्जाचा अर्ज आला होता. तीन हजार रुपये. साहेबांनी शिकविल्याप्रमाणे अध्यक्षीणबाईंनी प्रयोजन विचारले. ती बाई गप्प राहिली. सगळ्यांना ठाऊक होते : नवरा खेकडे धरावयास जंगलाच्या खाड्यांत जाणार, त्याच्याकडे परवाना नाही, आणि होडीचे भाडे, बर्फ, शिधा यांना पैसे हवेत. परवान्याशिवाय गेलेल्याला वाघाने नेले, तर भरपाई मिळणे दुरापास्त. पुष्कळदा घरचे लोक मृत्यूही लपवितात. कोणीतरी सुचविले, 'शेळी' लिहा. साहेब म्हणाले, "वहीत खोटे लिहावयाचे नाही. पहिल्या दिवशी काय शिकलो आपण?" ती बाई पदर सावरून उठली आणि निघून गेली.

त्या रात्री बाईंनी विचारले, "अहो, खरे लिहिले असते तर?"

"तर कर्ज देता आले नसते."

"मग ती कुठून आणील?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होते. खेकड्यांचा व्यापारी 'दादन' देतो, म्हणजे आगाऊ उचल. त्यावर अट एवढीच, की माल त्यालाच आणि त्याच्या भावाने घालावयाचा. अशी उचल एकदा घेतली की सुटता सुटत नाही. नवरा जाणार तो जाणारच होता. कोणाच्या पैशाने जाणार, एवढेच गटाच्या हाती होते. साहेबांना झोप आली नाही. किडामुंगी वाचवून चालावयास शिकविणाऱ्या घरात ते वाढले होते. त्या तीन हजारांत खेकडेही होते आणि माणूसही होता. नकार दिला म्हणून त्यांपैकी काहीच वाचत नव्हते. स्वतःचे हात तेवढे स्वच्छ राहत होते.

पुढच्या बैठकीत अध्यक्षीणबाईंनी पेन स्वतःच्या हातात घेतले. प्रयोजनाच्या रकान्यात बंगालीत एक शब्द लिहिला आणि वही साहेबांपुढे सरकविली. ती लिपी एव्हाना त्यांना वाचता येऊ लागली होती. संसारखर्च. शब्द मराठीतलाच जणू. "काकाबाबू, हे खोटे आहे का?"

साहेबांनी बराच वेळ त्या रकान्याकडे पाहिले. मग बाजूला अनुक्रमांक घातला.

नवरा त्रयोदशीला गेला. त्यानंतर ती केसांना तेल लावीना, मोठ्याने बोलेना. माणूस जंगलात असताना घरच्या बाईने कसे राहावयाचे, याचे तिकडे नियम आहेत. बाई रोज दुपारी तिच्या ओसरीवर जाऊन बसू लागल्या. बोलणे थोडेच होई. त्या तिच्याकडून जाळ्याची गाठ मारावयास शिकल्या आणि ते जाळे कशासाठी आहे, हा विचार त्यांनी त्या दिवसांपुरता बाजूला ठेवला. साहेब बांधावर फेऱ्या मारीत. दूर भुटभुटीचा आवाज आला की थांबत.

नवव्या दिवशी होडी आली. तो उतरला, पायाला चिखल होता, दाढी वाढली होती. साहेबांकडे पाहून त्याने नुसती मान हलविली. या वेळी व्यापाऱ्याशी भाव त्याने स्वतः केला होता.

दुसऱ्या दिवशी ती हप्ता घेऊन आली, केसांना तेल लावून. अडीचशे रुपये. नोटा इतक्या ओल्या होत्या, की मोजताना एकमेकींना चिकटत होत्या. साहेबांनी त्या एकेक सोडवून वहीच्या पुठ्ठ्यावर उन्हात पसरल्या आणि पावतीवर तारीख घातली. पावती पदराच्या गाठीत बांधून जाता जाता ती म्हणाली, येत्या अमावास्येला तो पुन्हा जाणार आहे.

बाईंनी भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिले. सात दिवस होते.