निलगिरीचें माहेर

गेल्या श्रावणांत आम्ही निलगिरीस जाऊन आलों. "श्रावणांत का कोणी उटीला जातें ?" असें ज्यांनीं ज्यांनीं विचारलें, त्या सर्वांस आमचें उत्तर एकच होतें. आमची सूनबाई कुन्नूरची; तिच्या वडिलांची साठीशांत होती; आणि साठीशांत तिथि पाहून येते, हवा पाहून येत नाहीं. निघण्याच्या आदल्या रात्रीं दादांचा, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंचा, गांवाहून फोन आला. गुडघ्यांस चोळण्यासाठीं तिकडचें अस्सल निलगिरीचें तेल आणावें, एवढेंच त्यांचें सांगणें होतें. दादांनीं उभ्या आयुष्यांत आमच्यापाशीं क्वचितच कांहीं मागितलें असेल. त्यांतून त्यांनीं निलगिरीचेंच तेल मागावें, याचें आम्हांस थोडें अवघडल्यासारखें झालें. कां, तें पुढें येईलच.

मेट्टुपाळयमहून सकाळीं सुटणारी लहान गाडी आम्हीं मुद्दाम धरली. ही मीटरमापी वाट १८९९ सालीं कुन्नूरपर्यंत व १९०८ सालीं उटीपर्यंत पोंचली. २००५ सालीं युनेस्कोनें तिला जागतिक वारशांत स्थान दिलें. अंतर अवघें ४६ किलोमीटर, आणि तेवढ्यास जवळजवळ पांच तास ! कल्लारपासून कुन्नूरपर्यंत दोन रुळांच्या मधोमध दांत्यांची पट्टी बसविलेली आहे. इंजिनाचें दंतचक्र त्या दांत्यांत रुतत रुतत गाडीस वर ढकलतें. 'ढकलतें' असेंच म्हटलें पाहिजे, कारण इंजिन पुढें नसून मागें असतें. कांहीं ठिकाणीं चढ इतका उभा आहे, कीं बारा फूट पुढें सरकावें तों गाडी एक फूट वर चढलेली असते. पाटबंधारे खात्यांत तेहतीस वर्षें काढलेल्या माणसास त्या दांत्यांचेंच इतकें कौतुक वाटलें, कीं दरी पाहावयाची राहून गेली. अखेर सौभाग्यवतींनीं कोपरानें ढोसलें, म्हणून मान वर केली. परंतु तोंपर्यंत दरी उरलीच नव्हती. धुक्यानें ती पुसून टाकली होती.

महाबळेश्वरचें धुकें आम्हीं पुष्कळ वेळां पाहिलेलें आहे. तें पावसाचा हात धरून येतें आणि पावसाबरोबर धांवपळ करतें. निलगिरीवरील धुकें तसें नाहीं. तें घाई करीत नाहीं. सकाळीं चहाच्या मळ्यावर पसरलेलें असतें, नऊच्या सुमारास उठून रस्त्यावर येतें, आणि दुपारीं पाहावें तों व्याह्यांच्या व्हरांड्यांत येऊन बसलेलें असतें. वाळत घातलेले कपडे तीन दिवसांत वाळत नाहींत. काड्यापेटीची काडी पेटत नाहीं. शेजारच्या घरांतील माणसांचें बोलणें ऐकूं येतें, घर मात्र दिसत नाहीं. व्याहीबुवांस मराठी येत नाहीं व आम्हांस तामीळ येत नाहीं. तेव्हां आम्हीं दोघांनीं त्या व्हरांड्यांत बसून काफीचे पेले रिकामे केले आणि एकमेकांकडे पाहून पुष्कळदां मान डोलावली.

साठीशांत यथासांग पार पडली. पुढच्या चार दिवसांचें वेळापत्रक आम्हीं घरूनच आंखून नेलें होतें. चिरंजीवांनीं मोटारीसाठीं तो ई-पासही काढून ठेवला होता. गर्दी फार वाढल्यामुळें न्यायालयाच्या आज्ञेनें २०२४ च्या मे महिन्यांत ही पद्धत सुरू झाली. उटींतील १८४८ चा वनस्पति-बाग पाहिला. म्हणजे जवळचीं वीस पावलें पाहिलीं. दोड्डबेट्टावर गेलों. हें निलगिरीचें सर्वांत उंच शिखर, उंची २६३७ मीटर. नांवाचा अर्थही 'मोठा डोंगर' असाच. वर दुर्बिणीची खोली आहे. दुर्बिणींतून पाहिलें, पांढरें दिसलें. दुर्बिणीवांचून पाहिलें, तेंही पांढरेंच दिसलें. आमच्यापुढें एक नवविवाहित जोडपें त्या पांढऱ्याकडे पाठ करून हौसेनें आपलीं छायाचित्रें काढवून घेत होतें.

त्या शिखरावरून उतरतांना रस्त्याच्या बाजूस निलगिरीच्या झाडांची मोठी राई लागली. आम्हीं मोटार थांबविली. धुक्यांत तीं झाडें खरोखर सुंदर दिसतात, हें कबूल केलेंच पाहिजे. सरळ, गोरे बुंधे. साल लांब पट्ट्यांनीं सुटून लोंबणारी. वर पानें कोठें आहेत तें दिसतच नाहीं, नुसता वास खालीं उतरतो. आम्ही आनंदानें म्हणालों, "ज्या झाडास आपण मराठींत निलगिरीच म्हणतों, तें आज त्याच्या माहेरीं पाहिलें !"

सूनबाई हंसली. ती कोईमतूरच्या एका कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकविते, आणि मराठी तर आतां आमच्या चिरंजीवांपेक्षां शुद्ध बोलते. ती म्हणाली, "बाबा, हें त्याचें माहेर नव्हे, सासर आहे. माहेर ऑस्ट्रेलियांत. आणि सासरीं येऊन त्यानें सारें घर बळकावलें आहे."

मग तिनें सांगितलें तें असें. १८१९ सालीं कोईमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन या पठारावर आला. त्याच्यामागून साहेबलोकांनीं बंगले बांधले, आणि थंडींत शेकोट्यांस लांकूड पुरेना. डोंगरावर मुळचें होतें तें सारें गवत. झाडी होती ती केवळ टेंकड्यांच्या घडींत, ओढ्यांच्या कडेनें. तिला तिकडे 'शोला' म्हणतात. गवताचें रान साहेबांस ओसाड वाटलें. १८४३ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाकडील निलगिरी येथें आली, तिच्याच आगेंमागें वॉटल आली, आणि पुढें शंभर-सव्वाशें वर्षें सरकारी खात्यांनीं मोठ्या उत्साहानें त्यांची लागवड केली. ज्या गवतावर तोड लोकांच्या म्हशी चरत व ज्या गवतानें ते आपलीं कमानदार घरें शाकारीत, तें आतां शोधावें लागतें. बारा वर्षांनीं एकदां फुलणारी निळी कुरिंजी, आपल्या कारवीची बहीण, त्याच गवतांत फुलते. २०१८ सालीं ती फुलली होती. डोंगराचा निळेपणा तिच्यामुळेंच, असें तिकडील पुष्कळांचें म्हणणें आहे.

आम्हीं वाद घातला. जन्मभर पाण्याचा हिशेब केलेल्या माणसानें सुनेकडून पाण्याचा हिशेब सहज कसा ऐकावा ? आम्ही म्हणालों, "झाड तें झाड. हीं पाहा, यांच्याही पानांवरून धुक्याचे थेंब गळत आहेत." ती म्हणाली, "गळतात. पण झाड पितें त्याहून अधिक." आणि तिनें एक आंकडा सांगितला. याच डोंगरावर ग्लेनमॉर्गन येथें मृदसंधारणाच्या संशोधकांनीं शेजारशेजारचे दोन पाणलोट घेतले. एक होता तसा राखला, दुसऱ्याच्या मोठ्या भागांत १९७२ सालीं निलगिरी लावली. पहिल्या दहा वर्षांत दुसऱ्यांतून वाहून येणारें पाणी सुमारें १६ टक्क्यांनीं घटलें. आम्ही आंकड्यापुढें मान तुकविणारा माणूस. गप्प बसलों.

गप्प बसण्यास दुसरेंही कारण होतें, तें सुनेस ठाऊक नव्हतें. आमचें गांव सिन्नर तालुक्याच्या कोरड्या अंगास आहे. १९८६ सालीं, निलगिरीच्या लागवडीचें वेड सर्वत्र पसरलें असतां, आम्हीं विहिरीलगतच्या बांधावर साठ रोपें लावलीं. त्यासाठीं दोन कडुनिंब व पांच बाभळी तोडविल्या. दादा नको म्हणत होते. हें झाड पाणी खातें, असें कोणा शेतकऱ्याकडून त्यांनीं ऐकलें होतें. आम्ही अधिकारी, आम्हीं त्यांस चारचौघांत सांगितलें, कीं पाणी खाणें आणि पाणी पिणें यांतला फरक ज्यास कळत नाहीं, त्यानें या गोष्टींत पडूं नये. लोक हंसले. दादाही हंसले. पुढें चैत्रापर्यंत पुरणारी विहीर माघांतच तळ दाखवूं लागली. ती खोल करण्यासाठीं दादांनीं सोसायटीचें कर्ज काढलें व सहा वर्षें फेडलें. आम्ही नाशकास होतों. बल्ल्या विकल्या त्या पैशांतील आमचा अर्धा वांटा मात्र वेळच्या वेळीं आमच्या हातीं पोंचत गेला, आणि आम्हीं तो घेतला.

तिसऱ्या दिवशीं सूनबाईनें आमचें वेळापत्रक बाजूस ठेवून आम्हांस कोटगिरीजवळच्या लाँगवूड शोल्यांत नेलें. आजूबाजूच्या कांहीं वस्त्यांचें पाणी याच रानांतून जातें. आंत शिरतांच पहिली गोष्ट ध्यानांत आली ती ही, कीं पायांखालीं जमीन वाजत नाहीं. निलगिरीच्या राईंत पाऊल टाकलें कीं वाळल्या सालींचा कडकड आवाज होतो. येथें पाऊल नुसतें दबतें. झाडें उंच नाहींत, वांकडीतिकडीं आहेत, आणि बुंध्यापासून फांदीपर्यंत शेवाळानें मढलेलीं. त्या शेवाळावर नेचे, नेच्यांच्या बेचक्यांत ऑर्किडें. कोंवळी पालवी हिरवी नसून तांबूस. धुकें वरून येत होतें आणि फांद्याफांद्यांवर अडकून थेंब होऊन खालीं उतरत होतें. आम्हीं एका बुंध्यावर तळहात टेंकला, तों मनगटापर्यंत ओला झाला. आणि पाणी ! दिसत कोठेंच नव्हतें, परंतु ऐकूं सगळीकडून येत होतें. मुळांखालून, दगडांमागून, पायवाटेच्या दोन्ही अंगांनीं. तेंच पाणी ओढ्याओढ्यांनीं एकत्र होऊन डोंगर उतरतें. या पठाराचें बरेंचसें पाणी भवानी व मोयार या नद्यांस जाऊन मिळतें, आणि खालीं भवानीसागरांत त्या दोन्ही एकत्र येतात. त्या धरणाचा नकाशा नोकरींत असतां आम्हीं अभ्यासिला होता. क्षेत्रफळ, सांडवा, कालव्याची लांबी हें सर्व त्यांत होतें. शेवाळ नव्हतें.

सौभाग्यवती दमून एका दगडावर बसल्या. सूनबाई त्यांच्यापाशीं थांबली. आम्ही थोडे पुढें गेलों आणि पुष्कळ वेळ उभे राहिलों. मागें वळलों तेव्हां धुक्यानें वाट मिटवून टाकली होती. तेव्हां सुनेनें "बाबा, बाबा" अशा हांका मारल्या, आणि त्या आवाजाच्या रोखानें आम्ही परत आलों. "इतका वेळ काय पाहत होतां ?" तिनें विचारलें. आम्हीं तिला बांधावरच्या साठ रोपांची हकीकत तेथेंच सांगितली. ती कांहीं बोलली नाहीं. आपल्या शालीनें तिनें आमचा हात पुसून दिला.

तेलाची बाटली कुन्नूरच्या बाजारांत घेतली. दुकानदारानें झांकण उघडून वास दिला. अस्सल होतें.

गांवीं पोंचलों तेव्हां दादा ओसरीवर पाय पसरून बसले होते. वय चौऱ्यायशीं, गुडघे सुजलेले. बाटली त्यांच्या हातीं देतां देतां आम्हीं एका दमांत म्हणून टाकलें, "दादा, त्या बांधावरच्या झाडांविषयीं तुमचें म्हणणें खरें होतें. मी चारचौघांत बोललों, तें बोलावयास नको होतें."

दादांनीं बूच काढून वास घेतला. "विहिरीचें म्हणतोस ?" ते म्हणाले. "त्या वर्षांत पाऊसही कमी झाला होता रे." मग थोड्या वेळानें, "बाभळी मात्र चांगल्या होत्या."

"उरलेलीं अकरा झाडें काढवून टाकूं या का ?"

"तीनदां तोडलींस ना ? दर वेळीं बुडख्यांतून पुन्हां फुटलीं. मुळासकट काढावीं लागतील, माणसें लागतील. पाऊस उघडला म्हणजे पाहूं." त्यांनीं बाटली आमच्याकडे परत केली आणि धोतराचा सोगा गुडघ्यावर सारला. "आधीं हें चोळ."

आम्ही खालीं बसून तेल चोळूं लागलों. वास ओसरीभर पसरला. आंतून वहिनींनीं विचारलें, चहा आतां टाकूं कीं उशिरानें ? दादा म्हणाले, "दुसरा गुडघा होऊं दे."