अहो, हा मास्क बघा तरी!

थांबा! हातातलं काम ठेवा बाजूला! मला एक गोष्ट कळलीय आणि ती पोटात राहत नाहीये!

मास्क! लगेच नाक मुरडू नका, कोरोनातला तो निळा पातळ मास्क नव्हे. फवारणीला, हडंब्यावर म्हणजे मळणी यंत्रावर, बुरशी धरलेल्या चाऱ्याच्या गंजीपाशी लावायचा मास्क! मी डॉक्टर नाही, कृषी अधिकारी नाही, विज्ञानात काठावर पास झालेला माणूस आहे. तरी सांगणार!

आधी धूळ. सोयाबीनच्या हंगामात हडंबा सुरू झाला की कुटाराचा लोट उठतो आणि बाया डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ गुंडाळतात, बरोबर? स्कार्फ मोठा कचरा अडवतो. बारीक धूळ विणीतून आणि कडेच्या फटीतून सरळ आत! आणि एन-95 मध्ये काय असतं माहितेय? तंतूंमध्ये वीज भरून ठेवलेली असते! वीज! सेल नाही, वायर नाही, तरी तंतू धुळीला स्वतःकडे ओढतात! आणि मग याहून भारी ऐका, पकडायला सगळ्यात अवघड कण 0.3 मायक्रॉनचा किंवा त्याहून थोडा लहान, म्हणजे आपल्या केसाच्या शंभरपट तरी बारीक, आणि त्याहूनही बारीक असला तर उलट सोपा! का? तो हवेत इतका भेलकांडतो की आपणहूनच तंतूला जाऊन चिकटतो! मी हे वाचून खुर्चीवरून उठलो! (बायको म्हणाली, बसा.) आणि हो, हा मास्क साबणाने धुवायचा नाही, त्याची ती ओढच जाते!

पण फवारणीचं औषध? त्याची वाफ या तंतूंना जुमानतच नाही! तिथे लागतो अर्धा चेहरा झाकणारा रबरी मास्क, दोन्ही गालांवर एकेक डबी, म्हणजे कार्ट्रिज. वर थेंब अडवायची गाळणी आणि आत कोळसा! साधा नाही, खास तयार केलेला, बऱ्याचदा नारळाच्या करवंटीचा! त्याच्या पोटात इतकी छिद्रं, इतकी छिद्रं, की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. हिशेब करा! दहा गुंठे! चिमूटभर कोळशात दहा गुंठे! आमच्या भावकीत एवढ्यावर कोर्टकचेऱ्या होतात हो!

आता दुकानात जाल तेव्हा माझ्यासारखंच करा. मास्क चढवा, पट्टे ओढा, दोन्ही डब्या तळहातांनी बंद करा आणि हळूच श्वास आत घ्या. रबर चेहऱ्याला चिकटलं आणि थोडा वेळ तसंच राहिलं, तर बसला! कुठून हवा शिरली, तर नाही बसला! यंत्र नाही, लॅब नाही, नुसते दोन तळहात! आणि मग कळलं की दाढी असली तर तो बसतच नाही, केसांतून वाट मिळते, आणि मग मी घरी आलो आणि सरळ दाढी उतरवली आणि नातवाने मला ओळखलंच नाही!

उकडतं का? उकडतं! श्वास ओढायला जोर लागतो? लागतो! मधेच तंबाखूचा बार भरता येत नाही, ही तर सगळ्यात मोठी तक्रार! डबीही कायमची नाही. आत औषधाचा वास आला की ती बदलायची, आणि काम संपलं की पिशवीत घट्ट बंद करून ठेवायची, नाहीतर उघड्यावर नुसती पडून संपते! आणि फवारणीत औषध अंगावाटेही भिनतं, म्हणून हातमोजे, गमबूट, पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच.

आणि आता बसूनच ऐका. हे सगळं कायद्यात आहे! 1971 चे कीटकनाशक नियम, नियम 40! श्वासाच्या संरक्षणाची साधनं, कार्ट्रिजच्या मास्कसकट, नावं घेऊन लिहिलीत! फवारणाऱ्यालाही संरक्षण मिळालं पाहिजे, हेही त्याच नियमांत! आणि 2017 च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. नियम तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होता! कित्येकांच्या तोंडाला होता तो रुमाल!

म्हणून तुम्हाला कामाला लावतोय! मजूर लावताना मजुरी ठरते, पंप कोणाचा ते ठरतं, चहा किती वेळा तेही ठरतं. त्याच बोलण्यात मास्क घाला! तो मालकाने आणायचा, मजुराच्या पगारातून नाही! आणि डबीचा खर्च औषधाच्याच खर्चात धरायचा! मी माझ्या गल्लीतून सुरुवात केलीय. तुमची गल्ली तुम्ही धरा, आणि दाढीवाल्यांना तेवढं तुम्हीच समजवा, मी कालच शिव्या खाऊन आलोय!